अर्थाचा अनर्थ

हौसेने घरच्या घरी गाडीत ॲम्प्लिफायर बसवावा, गाणे लावावे, आणि इंजिन सुरू होताच गाण्यामागून एक बारीक शिट्टी ऐकू यावी; रेस दिली की शिट्टीचा सूर चढावा, रेस सोडली की उतरावा. हा अनुभव इतक्या जणांचा आहे की सोलापुरात गाड्यांच्या वायरिंगची कामे करणारा कोणताही कारागीर ती शिट्टी लांबूनच ओळखतो. तिच्यावरचे उपायही ठरलेले आहेत. कुणी 'कंडेन्सर टाका' म्हणतो, कुणी 'फिल्टर लावा' म्हणतो, कुणी वायरच हलकी आहे असे निदान करून नवी वायर विकतो. थोडा जाणकार असला तर म्हणतो, "अर्थ बरोबर नाही." हे शेवटचे निदान बहुतेक वेळा खरे असते. पण अर्थ बरोबर नाही म्हणजे नेमके काय बरोबर नाही, असे विचारले तर कारागिराला सांगता येत नाही, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे भौतिकशास्त्राच्या पदवीधरालाही सांगता येत नाही.

कारागिराला सांगता आले नाही तर आमची तक्रार नाही. त्याचे काम हाताचे आहे आणि ते तो बऱ्यापैकी करतो. पदवीधराला का येत नाही, हा प्रश्न मात्र आपल्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, दाराशी येतो. आपण परिपथाची आकृती ज्या रीतीने काढतो, 'नगण्य' हा शब्द ज्या सहजतेने वापरतो आणि 'अर्थ' या एकाच नावाखाली ज्या दोन निराळ्या गोष्टी कोंबतो, त्यात या अडचणीचे मूळ आहे असे आम्हांला वाटते. शिट्टीच्या निमित्ताने ते तपासून पाहू.

आधी शिट्टी येते कुठून ते पाहिले पाहिजे. जुन्या अँबेसेडर आणि फियाट गाड्यांत बॅटरी भारायला डायनॅमो असे. आज गाड्यांत असतो तो अल्टरनेटर, जरी मेकॅनिक मंडळी त्यालाही सवयीने डायनॅमोच म्हणतात. दहावीच्या पुस्तकात प्रत्यावर्ती धारेच्या जनित्राची जी आकृती आहे, तिच्यापासून अल्टरनेटर फार दूर नाही. पुस्तकात कुंडल फिरते आणि चुंबक स्थिर असतो. इथे चुंबक फिरतो आणि कुंडले स्थिर असतात. फिरणारा भाग म्हणजे बोटे एकमेकांत अडकवलेल्या दोन पंजांसारखे लोखंडाचे दोन तुकडे. त्यांत सामान्यतः ध्रुवांच्या ६ जोड्या असतात. भोवती कुंडलांचे तीन संच असतात, म्हणजे निर्माण होणारी धारा तीन कलांची असते. ती प्रत्यावर्ती धारा डायोडांमधून नेऊन दिष्ट केली जाते. पण ही दिष्ट धारा बॅटरीच्या धारेसारखी सपाट नसते. तिच्या माथ्यावर लहानलहान लहरी उरतात, एका आवर्तनामागे ६. बॅटरी त्यांतल्या बऱ्याचशा गिळते, सगळ्या नाही.

आता हिशेब करू. इंजिन रिकामे चालू असताना मिनिटाला ८०० फेरे घेते असे धरा. पट्ट्यावरच्या लहान कप्पीमुळे अल्टरनेटर त्याच्या सव्वादोन पट वेगाने फिरतो असे समजा. प्रत्यक्षात हे गुणोत्तर गाडीगाडीप्रमाणे बदलते. म्हणजे मिनिटाला १८०० फेरे, सेकंदाला ३०. ध्रुवांच्या ६ जोड्या म्हणून प्रत्यावर्ती धारेची वारंवारता ३० × ६ = १८० हर्ट्झ. आवर्तनामागे ६ लहरी म्हणून लहरींची वारंवारता १०८० हर्ट्झ. रेस देऊन इंजिन २४०० फेऱ्यांवर नेले की ती तिप्पट होते, ३२४० हर्ट्झ. आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो २००० ते ५००० हर्ट्झच्या आसपास. शिट्टी इतकी क्षीण असूनही का खटकते, आणि रेसबरोबर तिचा सूर का चढतो, याचे उत्तर या चार ओळींच्या गुणाकारात आहे. दहावीच्या वर्गात हा गुणाकार सहज करून घेता येतो. स्वरांची जाण असलेली एखादी विद्यार्थिनी वर्गात असेल तर ती शिट्टीचा सूर पेटीवर शोधून इंजिनाचे फेरे सांगू शकेल. वेगमापकाच्या शेजारचा काटा खरे बोलतो की नाही, तेही मग तपासता येईल.

दुसरा एक आवाज लोक या शिट्टीत मिसळतात, तो ठिणगीचा. चार सिलिंडरांच्या चार-धावी पेट्रोल इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. ८०० फेऱ्यांना मिनिटाला १६००, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. हा सूर नव्हे, टकटक आहे. रेस दिली की टकटक दाट होते, पण तिची शिट्टी होत नाही. ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपण केंद्रच. हर्ट्झने १८८७ साली विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. मोटारीत रेडिओ बसवण्याची सुरुवात झाली तेव्हाची मोठी अडचण हीच होती. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' या नावाने मोटारीसाठी रेडिओ आणला, त्या काळात तो नीट ऐकू यायचा तर ठिणगीच्या तारांवर रोध बसवून, कंडेन्सर लावून ही टकटक आधी दाबावी लागे. 'कंडेन्सर टाका' हा सल्ला तिथला आहे. त्या रोगावर तो चांगला होता. रोग बदलला तरी औषधाची चिठ्ठी तीच राहिली.

आमच्याकडे सोलापुरातून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरकडे वडापच्या गाड्या धावतात. त्यांत देवाची गाणी मोठ्याने लावण्याची रीत आहे, आणि त्यातल्या पुष्कळ गाड्या डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा दाबून तापवली जाते आणि इंधन आपोआप पेटते. तरी अशा गाडीलाही ठिणगीवरचा कंडेन्सर सुचवला जातो. सुचवणाऱ्याने ठिणगी कुठे आहे एवढे पाहिले असते तरी पुरे होते. विकत मिळणाऱ्या फिल्टरचेही तसेच आहे. हा फिल्टर म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले वेटोळे आणि एक कंडेन्सर. बॅटरीकडून येणाऱ्या धन तारेतून लहर आत शिरत असेल तर तो ती अडवतो. शिट्टी त्या वाटेने येतच नसेल तर तो बिचारा काय करणार? दाराला कुलूप लावले आणि चोर खिडकीतून येतो, असा प्रकार.

मग शिट्टी येते कुठून? नववीच्या पुस्तकातली परिपथाची आकृती आठवा. धन टोकापासून निघालेली तार दिव्यातून जाऊन ऋण टोकाला परत येते. गाडीत ही परतीची तार नसते. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते आणि सगळ्या उपकरणांची परतीची धारा पत्र्यातून येते. तांबे वाचते, वायरिंग निम्मे होते, हिशेब उत्तम. म्हणून गाडीच्या विद्युत आकृतीत दिवा, भोंगा, पंखा, टेप या प्रत्येकाच्या खाली तीन आडव्या रेघांची एक खूण काढतात आणि परतीचा रस्ता काढतच नाहीत. पाच ठिकाणी पाच खुणा. वाचणारा समजतो की या पाच खुणा म्हणजे एकच बिंदू, आणि त्याचे विभव शून्य.

इथेच घोटाळा आहे. डॅशबोर्डमधला टेप समोरच्या पत्र्याला जोडलेला असतो आणि ॲम्प्लिफायर मागे डिकीत. हे दोन बिंदू एकच नव्हेत. मध्ये चार-पाच मीटरचा पत्रा आहे, त्यावर रंग आहे, वेल्डिंगचे टाके आहेत, गंजलेले बोल्ट आहेत. पोलादाची रोधकता तांब्याच्या सहा ते दहा पट असली तरी पत्र्याचे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे खुद्द पत्र्याचा रोध अगदी थोडा असतो. बरेचसे नुकसान सांध्यांत होते. ॲम्प्लिफायरची अर्थची तार रंग न खरवडता एखाद्या स्क्रूखाली दाबली तर तिथेच ५ मिलिओहम रोध सहज निर्माण होतो. एका ओहमचा दोनशेवा भाग. पुस्तकाच्या भाषेत नगण्य.

ॲम्प्लिफायर बॅटरीकडून जी धारा घेतो तिच्यातही अल्टरनेटरची लहर असते. ती लहर उदाहरणादाखल १ अँपिअर धरू. ओहमच्या नियमाने त्या सांध्यावर ५ मिलिव्होल्टची लहर उभी राहते. म्हणजे ॲम्प्लिफायरचे 'शून्य' टेपच्या 'शून्या'च्या मानाने सेकंदाला हजार वेळा ५ मिलिव्होल्टने वरखाली हलते आहे. टेपकडून येणारी शिल्डची वायर आपला संदेश टेपच्या शून्यापासून मोजून पाठवते. ॲम्प्लिफायर तो स्वतःच्या शून्यापासून मोजतो. या दोन शून्यांतला फरक त्याला गाण्याचाच भाग वाटतो. शिवाय शिल्डच्या जाळीने दोन्ही टोके जोडली गेल्यामुळे पत्र्याच्या जोडीला ती जाळी हाही धारेचा एक समांतर रस्ता होतो आणि एक बंद वेटोळे तयार होते. परतीच्या धारेचा काही भाग गाण्याच्या वायरीतून वाहू लागतो. इंजिनियर मंडळी याला अर्थचे वेटोळे म्हणतात.

५ मिलिव्होल्टने काय होते? ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट देणारा असेल तर त्याला सुमारे १४ व्होल्ट बाहेर काढावे लागतात. अर्ध्या व्होल्टच्या संदेशात तो हे करत असेल तर तो येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला २८ ने गुणतो, गाण्याला आणि लहरीलाही. ५ मिलिव्होल्टचे ०.१४ व्होल्ट होतात, आणि ४ ओहमच्या स्पीकरमध्ये ५ मिलिवॉट. ही शक्ती हास्यास्पद वाटेल. पण १ वॉटला १ मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर ५ मिलिवॉटला ६७ डेसिबल देतो, आणि आपण समोरासमोर बोलतो तो आवाज असतो ६० च्या आसपास. म्हणजे नगण्य म्हणून ज्याला सोडून दिले ते गाडीत बसलेल्या माणसांपेक्षा मोठ्याने बोलते आहे.

आता पुस्तकाकडे वळू. २०१७ साली आलेल्या नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'मध्ये ओहमचा नियम आहे, रोधकता आहे, एकसर आणि समांतर जोडणी आहे. वर आम्ही जो हिशेब केला त्याला लागणारी सगळी हत्यारे त्यात आहेत, आणि त्याबद्दल पुस्तकाला दोष देणे अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप शालेय आकृत्यांतल्या एका अबोल गृहीतकाला आहे. सरळ रेघ काढली की तिचा रोध शून्य, असे आपण मुलांकडून मान्य करून घेतो आणि ते केव्हा चालते हे सांगत नाही. दीड व्होल्टचा सेल, ०.३ अँपिअर घेणारा लहान दिवा आणि ०.०५ ओहमच्या तारा घेतल्या तर तारांवर १५ मिलिव्होल्ट खर्च होतात, एकूण विभवांतराच्या १ टक्का. दिव्याच्या उजेडात काही फरक दिसत नाही, म्हणून तारांचा रोध नगण्य म्हणणे रास्त आहे. पण तेच १५ मिलिव्होल्ट ॲम्प्लिफायरच्या दाराशी आले तर? नगण्य कशाच्या तुलनेत, हा प्रश्न न विचारता तो शब्द वापरणे म्हणजे किलो-लिटर न सांगता 'थोडे' म्हणण्यासारखे आहे. स्वयंपाकघरात थोडे मीठ आणि थोडे पाणी यांतले 'थोडे' निराळे, हे कुणालाही कळते. परिपथात मात्र आपण ते कळू देत नाही.

हाच दोष मल्टिमीटरच्या वापरातही दिसतो. अर्थ तपासायचा म्हणून कारागीर मीटर 'बीप'वर लावतो, एक टोक पत्र्याला आणि दुसरे अर्थच्या तारेला. बीप वाजतो. "अर्थ ओके आहे साहेब." पण साध्या मीटरचा बीप काही दहा ओहम रोध असला तरी वाजतो, आणि नुसत्या त्याच्या दोन वायरींचाच रोध ओहमच्या काही दशांशांइतका असतो. ज्याला मिलिओहम शोधायचे आहेत त्याने बीप ऐकणे म्हणजे सोनाराने कोळशाच्या वखारीतला काटा वापरणे. शिवाय मीटर तपासणीसाठी सोडतो ती धारा इतकी क्षीण असते की १० अँपिअर वाहताना सांध्याचे काय होते ते तिला कळूच शकत नाही. यासाठी मीटर व्होल्टच्या बाजूला, २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर लावावा. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूवर, आणि ॲम्प्लिफायर मोठ्याने वाजता ठेवावा. जे मिलिव्होल्ट दिसतील तेवढे ते 'शून्य' शून्यापासून दूर आहे. चांगले मोटार मेकॅनिक सेल मारताना इंजिनाचा सांगाडा आणि बॅटरीचे ऋण टोक यांत किती व्होल्ट पडतात ते अशाच रीतीने पाहतात. आमच्या मते ओहमच्या नियमाचा इतका स्वच्छ प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत क्वचितच होतो.

ॲम्प्लिफायरबरोबर येणारी माहितीपत्रकेही आम्ही मुद्दाम वाचली. बऱ्यापैकी पत्रकांत रंग खरवडा, अर्थची तार आखूड आणि जाड घ्या, धन तार गाडीच्या एका बाजूने व गाण्याची वायर दुसऱ्या बाजूने न्या, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच फ्यूज बसवा असे लिहिलेले असते. प्रत्येक सूचना योग्य आहे. फ्यूजची सूचना तर पाळलीच पाहिजे, कारण १२ व्होल्टने झटका बसत नसला तरी मोटारीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि गाडी पेटते. उणीव आहे ती 'का' या शब्दाची. कारण न सांगितलेली सूचना वाचणारा सोयीप्रमाणे पाळतो. रंग खरवडला तर गंज चढेल म्हणून तो खरवडत नाही. तार आखूड हवी म्हणून जवळचा कुठलाही स्क्रू धरतो, मग तो सीटच्या पट्टीचा का असेना. आणि ज्या बटणावर खरे लक्ष द्यायचे त्या गेनच्या बटणाला तो आवाजाचे बटण समजून शेवटपर्यंत फिरवतो. टेप २ व्होल्ट देऊ शकत असेल तर ॲम्प्लिफायरने २८ ने गुणायची गरज नाही, ७ ने भागते. गाणे तितकेच मोठे राहते आणि शिट्टीची शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते. पैसा न खर्चता.

निदानाचा क्रम पत्रकांत मिळत नाही, तो येथे देतो. शिट्टी रेसबरोबर चढते का, हे आधी ऐकावे. चढत नसेल तर अल्टरनेटरला सोडून पंखा, इंधनपंप किंवा मोबाइलचा चार्जर यांच्याकडे पाहावे. मग टेपचा आवाज शून्यावर आणावा. शिट्टी त्याबरोबर गेली तर ती टेपच्या आधी कुठेतरी शिरते आहे. तशीच राहिली तर नंतर. नंतर शिरत असेल तर ॲम्प्लिफायर बंद करून गाण्याच्या पिना काढाव्यात आणि पुन्हा चालू करून ऐकावे. पिना काढल्यावरही शिट्टी असेल तरच फिल्टरचा विचार करायचा. शांतता झाली तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. मग चार्जरला न लावलेला मोबाइल थेट ॲम्प्लिफायरला जोडून गाणे लावावे. मोबाइलचा गाडीच्या पत्र्याशी काही संबंध नाही. गाणे स्वच्छ आले, की दोन शून्यांचे भांडण सिद्ध झाले. उपाय उघड आहे: ॲम्प्लिफायरचा सांधा पॉलिश पेपरने चकचकीत करून थिंबल लावून आवळावा, वर ग्रीस किंवा रंग द्यावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर टेपची अर्थची तार डॅशबोर्डच्या पत्र्यावरून सोडवून स्वतंत्र तारेने ॲम्प्लिफायरच्याच सांध्यावर आणावी. एवढ्यानेही शिट्टी उरली तर गाण्याच्या वायरीत छोटे रोहित्र बसवता येते. तारेचा धागा तुटतो आणि संदेश चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. स्वस्त रोहित्राचा गाभा लहान असल्याने ढोलकीचे जड बोल त्यात दबतात, एवढे लक्षात ठेवावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. गाडीतल्या ज्या जोडणीला आपण अर्थ म्हणतो तिचा पृथ्वीशी काही संबंध नाही. गाडी चार रबरी टायरांवर उभी असते. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे आणि त्यालाही अर्थच म्हणत. गाडीचा अर्थ हा रोजच्या परतीच्या धारेचा रस्ता आहे. घरातली भूसंपर्क तार ही अगदी निराळी वस्तू. तिच्यातून रोज धारा वाहायची नसते. ती वाहते ती संकटात, उपकरणाच्या धातूच्या आवरणाला चुकून वीजयुक्त तार लागली तर. म्हणूनच तीन पिनांच्या प्लगची वरची पिन लांब आणि जाड असते. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. आंतरराष्ट्रीय संकेतांत या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र खुणा आहेत, जमिनीसाठी उतरत्या तीन आडव्या रेघा आणि सांगाड्यासाठी दंताळ्यासारखी खूण. आपल्या माहितीपत्रकांत, फळ्यावर आणि बोलण्यात दोन्हींना एकच खूण आणि एकच शब्द असतो.

शब्दांची ही काटकसर महागात पडते. गाडीच्या शिट्टीवर प्रयोग करता करता पोराला शोध लागतो की अर्थ कुठेतरी सोडवला की आवाज जातो. तोच पोरगा गणपतीत किंवा जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या दिवसांत मंडपातल्या ध्वनिक्षेपकांपाशी उभा असतो. तिथेही दोन उपकरणे दोन सॉकेटांतून चालतात, तिथेही वेटोळे तयार होते आणि ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर येते. त्याला उपाय ठाऊक आहे. तो प्लगची वरची पिन काढून टाकतो, आणि घरघर खरोखरच थांबते. प्रयोग यशस्वी झाला म्हणूनच तो धोकादायक आहे. आता ॲम्प्लिफायरच्या आत एखाद्या तारेचे आवरण फाटून ती पेटीला लागली तर धारेला जमिनीकडे जायला रस्ता नाही, म्हणून फ्यूज उडत नाही. पेटी २३० व्होल्टवर वाट पाहत बसते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला कुणी तिला किंवा तिच्याशी जोडलेल्या माइकला हात लावतो. शरीराचा रोध २००० ओहम धरला तर ११५ मिलिअँपिअर. घरात बसवतात ती गळती ओळखणारी कळ ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडते, कारण त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. मंडपाच्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये ती कळ असेलच असे नाही.

गाडीतही अर्थ सोडवणे निरुपद्रवी नाही. ॲम्प्लिफायरची अर्थची जाड तार ढिली झाली तर तिची सगळी धारा गाण्याच्या वायरीच्या केसासारख्या जाळीतून टेपकडे धावते आणि टेपच्या आतली तांब्याची रेघ जळून जाते. पण त्यात माणूस मरत नाही. एकच कृती एका ठिकाणी शंभर-दोनशे रुपयांचे नुकसान करते आणि दुसऱ्या ठिकाणी जीव घेते, तेव्हा त्या दोन ठिकाणांना एकच नाव असणे हा भाषेचा किरकोळ प्रश्न राहत नाही. वर्गात तरी गाडीच्या बाबतीत 'बॉडी' किंवा 'परतीचा पत्रा' म्हणावे आणि 'अर्थ' हा शब्द जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत गेलेल्या तारेसाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. कारागीर 'बॉडी अर्थ' म्हणतात. त्यातला पहिला शब्द ठेवून दुसरा गाळला तरी काम भागेल. विजेच्या गाड्यांत तर हा भेद टाळताच येणार नाही: त्यांची शेकडो व्होल्टची मुख्य बॅटरी पत्र्यापासून मुद्दाम अलग ठेवलेली असते आणि फक्त १२ व्होल्टचे ऋण टोक पत्र्यावर असते.

वर्गासाठी एक प्रयोग मात्र आज फार सोपा झाला आहे. शाळेच्या आवारात, मोकळ्या हवेत, कुणाची तरी गाडी उभी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, आणि बॉनेटजवळ कुणालाही ओढणी किंवा सैल बाही घेऊन जाऊ देऊ नये. मोबाइल वायरीने टेपच्या खाचेत जोडून गाणे लावावे, मग तोच मोबाइल गाडीच्या चार्जरला लावावा आणि गाणे थांबवून आवाज वाढवावा. पुष्कळ गाड्यांत शिट्टी लगेच उमटते, कारण मोबाइल आता दोन वाटांनी गाडीच्या पत्र्याशी जोडला गेला. चार्जर उपसला की शिट्टी गेली. चार्जर पुन्हा लावून वायर काढावी आणि गाणे ब्लूटूथवरून ऐकावे, शिट्टी नाही. मुले साहजिकच म्हणतील की दोष वायरीचा. तेव्हा फळ्यावर बॅटरी, चार्जर, मोबाइल, टेप आणि पत्रा यांची आकृती काढायला सांगावी, परतीचा रस्ता रेघेने पूर्ण दाखवून आणि तीन आडव्या रेघांची खूण कुठेही न वापरता, आणि मग विचारावे की दोन वायरींपैकी कुठल्या वायरीचा.